मुंबईच्या पावसाळ्यासाठी छोट्या गाडीचे टायर कसे निवडावेत

मोसमी पाऊस मुंबईत दाखल होण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, आणि टायरच्या दुकानांत गर्दी होते ती बहुधा त्यानंतर. ज्यांना टायर हाताळून, त्यावरील तारीख वाचून आणि दोन-तीन मॉडेलांची तुलना करून घ्यायचे आहेत, त्यांनी हे काम मे महिन्यातच उरकावे. पावसाला तोंड लागल्यावर दुकानदाराकडे जे शिल्लक असेल ते घ्यावे लागते, आणि बारा, तेरा किंवा चौदा इंची रिमच्या मापांत मुळातच निवडीला फारसा वाव नसतो.

अर्थात, त्याआधी टायर बदलण्याची गरज आहे का, हे ठरवावे लागते. बहुतेक जण या प्रश्नाचे उत्तर टायरची नक्षी पाहून देतात. नक्षी दिसते आहे म्हणजे टायर चांगला, आणि गोटा झाला म्हणजे बदलायचा, असा सरळ हिशेब असतो. रोज शंभर-दीडशे किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीसाठी तो बऱ्याच अंशी बरोबरही आहे. परंतु मुंबईतील घरगुती गाडीचे जगणे निराळे असते. सोमवार ते शुक्रवार माणसे लोकलने किंवा मेट्रोने जातात. गाडी सोसायटीत उभी राहते, रविवारी ठाण्याला किंवा बोरिवलीला नातेवाइकांकडे जाते, आणि वर्षातून एकदा गणपतीसाठी कोकणात. अशा गाडीचे वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरही होत नाहीत. तिचे टायर झिजण्याच्या कितीतरी आधी म्हातारे होतात, आणि म्हातारा टायर नेमका ओल्या रस्त्यावर दगा देतो.

याचे कारण रबरात आहे. ओल्या रस्त्यावर पकड मिळते ती रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरते म्हणून, आणि त्यासाठी ते मऊ असावे लागते. ऊन, हवेतील प्राणवायू व ओझोन यांच्यामुळे रबर वर्षागणिक कडक होत जाते. कपाटात पडून राहिलेले खोडरबर जसे चकचकीत व टणक होते आणि कागदावर नुसते घसरते, तसेच टायरचेही होते. कोरड्या रस्त्यावर हा फरक सहसा जाणवत नाही. पहिल्या पावसात, जेव्हा रस्त्यावरील तेल आणि धूळ यांचा बुळबुळीत थर तयार होतो, तेव्हा तो सिग्नलजवळ ब्रेक दाबताना एकदम लक्षात येतो.

आमच्या सोसायटीतील एका काकांच्या गाडीचे टायर पाहण्याचा योग गेल्या उन्हाळ्यात आला. नक्षी उत्तम होती, खाचा खोल होत्या, आणि त्यांच्या नेहमीच्या टायरवाल्याने "साहेब, अजून दोन पावसाळे आरामात निघतील" असे सांगितले होते. पुढचे चाक पूर्ण वळवून, मोबाइलचा उजेड टाकून टायरची बाजू पाहिली, तेव्हा रिमच्या कडेला समांतर अशा केसाएवढ्या भेगांची वर्तुळे दिसली. खाचांच्या तळाशीही तशाच भेगा होत्या. नखाने दाबले तर रबर जराही दबत नव्हते. तारीख वाचली तेव्हा टायर नऊ वर्षांचे निघाले. डिकीतली स्टेपनी तर गाडीबरोबर आलेली, म्हणजे त्याहूनही जुनी होती.

ही तारीख वाचणे अगदी सोपे आहे. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार अंकांचा एक छोटा चौकोन किंवा लंबगोल असतो. पहिले दोन अंक वर्षातील आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. १४२३ असे असेल तर तो टायर २०२३ सालच्या चौदाव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीस तयार झाला. काही टायरांवर हे चार अंक एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आतल्या अंगाला बसवलेली असते. अशा वेळी गाडीखाली वाकून पाहावे किंवा चाक वळवून पाहावे, पण पाहिल्याशिवाय सोडू नये. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षे झाल्यावर ते कसेही दिसत असले तरी काढून टाकावेत, असे अनेक टायर कंपन्या सांगतात. उघड्यावर, उन्हात आणि खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी स्वतः सहाव्या वर्षाची मर्यादा पाळण्याचा सल्ला देईन. स्टिल्टखाली सावलीत उभी राहणारी गाडी असेल तर ही मर्यादा एखाद्या वर्षाने पुढे गेली तरी चालेल.

आता नक्षीकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. मुख्य खाचांमध्ये मध्येमध्ये रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की ही मर्यादा गाठली गेली असे समजावे. पण कायद्याची मर्यादा आणि मुंबईच्या पावसाची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या टायरची खाच साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते आणि ती तीन मिलिमीटरच्या खाली गेली की पाणी बाहेर फेकण्याची तिची क्षमता झपाट्याने कमी होते. म्हणून मे महिन्यात मोजल्यावर खोली तीन मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली, तर तो टायर पावसाळ्यात नेऊ नये. मोजण्यासाठी खोली मोजायचे लहान गेज मिळते आणि ते फार महाग नसते. खाच तीन ठिकाणी मोजावी, आतली कड, मध्य आणि बाहेरची कड, कारण अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, बिघडलेल्या गाडीचा टायर बाहेरून कोरा दिसतो आणि आतून गुळगुळीत झालेला असतो.

खाचेला इतके महत्त्व का, हे एका साध्या गुणाकाराने समजते. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले आहे, टायर १६५ मिलिमीटर रुंद आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात आहे, असे धरले तर त्या एका टायरच्या वाटेत दर सेकंदाला सुमारे अकरा लिटर पाणी येते. ते खाचांतून किंवा बाजूने निघून गेले नाही, तर टायर पाण्यावर चढतो आणि रस्त्याशी त्याचा संबंध तुटतो. मग स्टिअरिंग एकदम हलके लागते आणि ब्रेकचा उपयोग होत नाही. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा, येथे मदतीला येत नाही, कारण टायर रस्त्याला टेकलेलाच नसेल तर एबीएसने तरी काय धरून ठेवायचे? विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी यासाठी एक ढोबळ सूत्र दिले. त्यानुसार टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्या सूत्राने ३३ पीएसआय (टायरमधील हवेचा दाब मोजण्याचे नेहमीचे एकक) दाबाला हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो, आणि २४ पीएसआयला सुमारे ८२. मोटारीच्या टायरचा आकार विमानाच्या टायरपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. तरीही पावसाळ्यात हवा कमी ठेवली तर पकड वाढते, हा जो समज आपल्याकडे पसरलेला आहे, तो किती उलटा आहे हे त्यांवरून कळावे.

शहरात मात्र हा धोका सर्वत्र सारखा नाही. दादर ते सायन या रस्त्यावर पावसात कोणी ८० च्या वेगाने जाऊच शकत नाही. तेथे खरी परीक्षा होते ती ३०-४० च्या वेगात, जेव्हा पुढची रिक्षा अचानक थांबते आणि तुमच्या चाकांखाली पेव्हर ब्लॉक, रंगवलेले झेब्रा पट्टे, उड्डाणपुलाच्या सांध्याची लोखंडी पट्टी किंवा खोदकामावर टाकलेला पत्रा असतो. या ठिकाणी खाचांपेक्षा रबराचा मऊपणा जास्त कामाला येतो. याउलट इस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे येथे वेग मिळतो आणि पाण्याचे पातळ थर दिसत नाहीत, म्हणून तेथे खाचांची खोली आणि त्यांची रचना निर्णायक ठरते. आपली गाडी बहुतेक वेळ कोठे चालते, हे आधी मनाशी ठरवले तर पुढची निवड बरीच सोपी होते.

मापाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: कंपनीने दिलेलेच माप घ्यावे. १६५/८० आर १४ ८५ टी असे लिहिलेले असेल, तर १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० ही त्या रुंदीच्या टक्केवारीत मोजलेली बाजूची उंची, आर म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास. पुढचे ८५ म्हणजे एका टायरने ५१५ किलो भार पेलावा अशी क्षमता, आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. भाराचा आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी असलेला टायर कधीही घेऊ नये. गणपतीत घरातील पाच माणसे, डिकीत सामान आणि टपावर बांधलेल्या बॅगा घेऊन छोटी गाडी मुंबई-गोवा महामार्गाला लागते, तेव्हा हा आकडा कागदावरचा राहत नाही.

अलॉय व्हील लावून टायर रुंद करण्याची हौस पुष्कळांना असते. गाडी चांगली दिसते, हे मान्य. पण १६५ ऐवजी १८५ रुंदीचा टायर घेतला तर वरच्या हिशेबातील अकरा लिटर पाणी बारा लिटरांच्या पुढे जाते, आणि तेच वजन जास्त रुंदीवर पसरल्याने टायर पाण्यावर लवकर चढतो. त्यातच बाजूची उंची कमी झाली की खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो. पाण्याने भरलेला खड्डा वरून डबक्यासारखाच दिसतो, त्यात चाक आदळले की आतील धागे तुटतात आणि चार दिवसांनी टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकावाच लागतो. मुंबईच्या रस्त्यांवर ८० टक्के उंचीचा साधासुधा टायर हेच छोट्या गाडीचे चिलखत आहे. ज्यांना मोठे रिम हवेच असेल, त्यांनी गाडीच्या वरच्या श्रेणीच्या मॉडेलला कंपनी स्वतः जे माप देते, तेवढ्यावरच थांबावे. उदाहरणार्थ, स्विफ्टला १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ ही दोन्ही मापे कंपनीकडूनच येतात, आणि हिशेब केला तर दोन्ही चाकांच्या बाहेरील व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही आणि चाक मडगार्डला घासत नाही.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न "कोणत्या कंपनीचा?" असा असतो. तो मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. एकाच कंपनीचे एकाच मापातील दोन टायर स्वभावाने एकमेकांच्या अगदी उलट असू शकतात. एक दीर्घकाळ टिकण्यासाठी बनवलेला असतो, त्याचे रबर कठीण असते आणि जाहिरातीत तो किती लाख किलोमीटर चालेल हे ठळकपणे सांगितलेले असते. दुसरा ओल्या रस्त्यावरील पकडीसाठी बनवलेला असतो, त्याच्या रबरात सिलिकाचे प्रमाण जास्त असते आणि तो तुलनेने लवकर झिजतो. टॅक्सीवाल्याने पहिला घ्यावा, त्यात त्याचे नुकसान नाही. पण ज्याची गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर चालते, त्याच्या गाडीचे सहा वर्षांत छत्तीस हजारच होणार आहेत. तोपर्यंत वयोमानाने टायर बदलायची वेळ येईलच. मग लाख किलोमीटरचा टायर घेऊन त्याने ओल्या रस्त्यावरील पकड का गमवावी? घरगुती गाडीच्या मालकाने दुकानदाराला "जास्त टिकणारा द्या" असे सांगण्याची सवय सोडावी आणि "पावसात चांगला धरणारा द्या" असे सांगावे.

दुकानदाराच्या शब्दाखेरीज पडताळण्यासारख्या काही खुणाही टायरवर असतात. आयएसआय चिन्ह भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर बंधनकारक आहे, ते नसेल तर टायर परत ठेवावा. काही टायरांवर वर्तुळात इंग्रजी ई आणि त्याच्या आसपास एस, डब्ल्यू, आर अशी अक्षरे असलेला क्रमांक असतो. त्यातील डब्ल्यू म्हणजे तो टायर ओल्या रस्त्यावरील पकडीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत उत्तीर्ण झाला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेही २०२२ साली एआयएस-१४२ या मानकाद्वारे ओल्या रस्त्यावरील पकड, लोटणीचा रोध (टायर फिरताना गाडीला होणारा अडथळा) आणि आवाज यांच्या कसोट्या भारतात आणल्या. याशिवाय काही टायरांवर अमेरिकी पद्धतीने ट्रॅक्शनची श्रेणी दिलेली असते. एए सर्वोत्तम, मग ए, बी आणि सी, आणि ही श्रेणी ओल्या डांबरावर व ओल्या काँक्रीटवर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवली जाते. त्याच्याशेजारी असलेला ट्रेडवेअरचा आकडा टिकाऊपणा सांगतो. तो फार मोठा असेल तर पकडीबाबत जरा जास्त चौकशी करावी.

नक्षीच्या रचनेबाबत एवढेच पाहावे की चाकाभोवती सलग फिरणाऱ्या खाचा रुंद आहेत आणि त्यांना बाजूने पाणी बाहेर काढणाऱ्या वाटा जोडलेल्या आहेत. एकाच दिशेने फिरणारा, बाण काढलेला टायर पाणी उत्तम फेकतो, पण छोट्या मापांत तो क्वचित मिळतो आणि स्टेपनीच्या वेळी उजव्या-डाव्याचा घोळ होतो. त्याच्या मागे लागू नये.

नवा टायर निवडला की बसवण्याआधी त्याचीही तारीख वाचावी, कारण दुकानात तो नवा असला तरी गोदामात किती काळ पडून होता हे त्यावरूनच कळते. काही महिने जुना असेल तर काही बिघडत नाही. वर्षापेक्षा जुना असेल तर दुसरा मागावा, आणि चारही टायर जवळपास एकाच सुमाराचे असावेत. जुने टायर पुन्हा खाचा कोरून, काळा रंग देऊन विकण्याचा धंदाही चालतो. अशा टायरची खाच खोल दिसते, पण ती धाग्यांच्या थरापर्यंत कोरलेली असते. अर्ध्या किमतीत "जवळजवळ नवा" टायर देऊ करणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

चारही टायर एकदम बदलणे उत्तम. खिशाला दोनच परवडत असतील तर नवी जोडी मागे बसवावी. आपल्याकडे ती हमखास पुढे बसवली जाते, कारण छोट्या गाड्यांची ओढ पुढच्या चाकांना असते आणि तीच चाके जास्त झिजतात. परंतु पावसात पुढची चाके घसरली तर गाडी सरळ पुढे जाऊ पाहते आणि वेग कमी केला की बहुतेक वेळा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणे सराईत चालकालाही कठीण जाते. फिटर वाद घालील, तरी आपले म्हणणे सोडू नये. एकाच आसावर दोन वेगळ्या मॉडेलांचे टायर तर बसवूच नयेत.

हिवाळ्यात मनालीला किंवा काश्मीरला गाडी घेऊन जाणारे काही मुंबईकर बर्फाचे टायर येथूनच लावून जावेत का, असे विचारतात. तसे करू नये. तीन शिखरांत हिमकणाचे चिन्ह असलेल्या हिवाळी टायरचे रबर साधारण सात अंशांखालील थंडीतही मऊ राहावे असे बनवलेले असते. मुंबईच्या तापलेल्या रस्त्यावर ते भराभर झिजते आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर लागते. बर्फ पडत असताना सोलंग व अटल बोगद्याच्या बाजूला पोलीस अनेकदा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. चांगल्या खाचांचे साधे टायर आणि मापाच्या साखळ्या हाच तेथे जाणाऱ्यांसाठी व्यवहार्य मार्ग आहे. छोट्या गाडीला साखळ्या पुढच्या चाकांना लावाव्यात, आणि बर्फ संपताच काढाव्यात.

टायर बसवताना व्हॉल्व्ह नवे घालून घ्यावेत, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच बैठकीत करून घ्यावे. हवा चालकाच्या दारातील पट्टीवर लिहिलेल्या दाबाइतकी भरावी. टायरच्या बाजूवर लिहिलेला दाब हा कमाल दाब असतो, भरायचा नव्हे. दाब टायर गार असताना मोजावा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला तपासावा. पाणी वाटेवरचे खिळे व काचा वाहून आणते आणि ओले रबर सहज भोसकले जाते, म्हणून या दिवसांत पंक्चरही जास्त होतात. नक्षीच्या भागातील पंक्चर निघते, बाजूचे काढून घेऊ नये. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातील तेलकट अंश असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेताने चालवावेत आणि शंभर किलोमीटरच्या आत चाकाचे नट एकदा आवळून घ्यावेत. टायरवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, तो बिलात तसाच लागला आहे ना हे पाहावे. वॉरंटीसाठी चारही टायरांचे अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावेत आणि दुकान सोडण्यापूर्वी ते टायरवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत.